निंदेच्या अग्नीतून शीलाचे सोने : पंडिता रमाबाईंचे स्मरण

नाताळचा सण जवळ आला, की ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर ताऱ्यांचे आकाशकंदील लागतात आणि प्रार्थनामंदिरांतून येशूजन्माची गीते ऐकू येऊ लागतात. विठ्ठलाच्या दारी वीणा खांद्यावर घेऊन उभे राहण्यात आमची हयात गेली. तेव्हा या सणाच्या निमित्ताने आम्ही लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कीर्तनाच्या पूर्वरंगात जो प्रश्न आम्ही अनेकदा मांडला, त्याचे एक विलक्षण उदाहरण याच महाराष्ट्रात, येशूच्या एका भक्ताच्या चरित्रात घडलेले आहे. तो प्रश्न असा : लोकनिंदा मनुष्याने कशी सोसावी, आणि सोसता सोसता त्याचे शील वाढावे कसे?

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना निंदा आणि स्तुती समान मानण्याची गोष्ट आली आहे. तुकोबांनी निंदकाचे उपकार मानले. पैठणच्या नाथांच्या अंगावर कोणी वारंवार थुंकला आणि नाथ तितक्या वेळा शांतपणे गोदावरीचे स्नान करून आले, ही कथा ऐकून आजही श्रोत्यांचे डोळे पाणावतात. तथापि कथा ऐकणारा श्रोता घरी परततो आणि शेजाऱ्याने उच्चारलेल्या एका टोचऱ्या शब्दाने रात्रभर तळमळतो. निंदा समान मानावी हे आपण जाणतो. ती समान वाटावी यासाठी मनाला कोणता आधार द्यावा, हे मात्र बहुधा कळत नाही. तो आधार पंडिता रमाबाईंना येशूच्या भक्तीत सापडला. त्यांचा मार्ग आमचा नव्हे. परंतु त्या मार्गावर त्यांनी मनाची जी मशागत केली, ती कोणत्याही भाविकाने डोळसपणे पाहण्यासारखी आहे.

पुराणिकाची लेक

रमाबाई मूळच्या आमच्याच बिरादरीतल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रीला देववाणी शिकवू नये, अशा समजुतीच्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. या अपराधाबद्दल त्यांना उडुपीच्या पंडितसभेपुढे उत्तर द्यावे लागले, आणि स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राचा विरोध नाही, हे त्यांनी ग्रंथांच्या आधाराने प्रतिपादन केले. पुढे सह्याद्रीच्या गंगामूळ अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. लोकांनी नावे ठेवली तरी विवेकाला पटलेली गोष्ट सोडायची नाही, हा वारसा त्यांना पाळण्यातच मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळांतून पुराणे सांगे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करी. भागवतातील हजारो श्लोक रमाबाईंनी आईच्या तोंडून ऐकून मुखोद्गत केले. पुढे १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात उपासमार आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली बहीणभावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्तुतीचा वर्षाव झाला तो असा. १८८० मध्ये भाऊ निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या परजातीतील बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा स्तुती करणारी पुष्कळ तोंडे फिरली. १८८२ मध्ये पती निवर्तले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. चोविसाव्या वर्षापर्यंत स्तुती आणि निंदा या दोहोंची चव त्यांनी घेतली होती.

विहिरीवरची ती स्त्री

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथील भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे आपले एक सेवाकेंद्र दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे सेवा होत होती, आणि त्याही स्त्रिया सुधारून पुन्हा इतर दुःखितांच्या सेवेस लागत होत्या. अशा स्त्रियांविषयी दयेचा शब्द रमाबाईंनी पूर्वी ऐकला नव्हता. हे आपण कशासाठी करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. गावाने नावे ठेवलेली ती बाई भर दुपारी विहिरीवर येते, आणि येशू तिच्याजवळ पाणी मागून तिच्याशी धर्माच्या गहन गोष्टी बोलतो. ही कथा रमाबाईंच्या अंतःकरणात रुतली. थोर पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनानेही त्यांची बुद्धी त्या दिशेस वळत होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात एकच गहजब झाला. ज्या पंडितेचा पुण्याने गौरव केला, तिनेच घर सोडले, ही वेदना आमच्या पूर्वजांना झाली, आणि ती आजही आम्हांस समजते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, परंतु असे आवाज थोडे होते. निंदकांत काही जण दुखावलेले होते, तर काही जण स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला याच गोष्टीने संतापलेले होते. निंदा ऐकताना या दोहोंतील भेद ओळखणे अगत्याचे असते. दुखावलेल्याच्या शब्दात आपल्याविषयीची ओढ लपलेली असते. अहंकाराच्या शब्दात ती नसते.

घरातील निंदा

विशेष हे, की ज्यांच्या छत्राखाली त्या गेल्या, तेथेही त्यांच्यावर टीका झाली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. त्रैक्याचा सिद्धांत, येशूच्या जन्माविषयीची मते, चर्चची सत्ता यांविषयी रमाबाई प्रश्न विचारीत, आणि हे प्रश्न सिस्टरना अभिमानाचे लक्षण वाटत. रमाबाईंचे शाकाहाराचे व्रत ख्रिस्ती झाल्यावरही अभंग राहिले. अंडे घातलेले पक्वान्नही त्या वर्ज्य करीत. त्यातही जुन्या जातीचा अभिमान दिसतो, असा आक्षेप निघाला. गळ्यातील क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असे त्यांना वाटे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. भारतात आपण पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली आहेत, याची आठवण रमाबाईंनी त्यांना करून दिली.

या पत्रव्यवहारातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ईश्वराने दिलेली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या हाती सोपविण्यास रमाबाई तयार नव्हत्या. तरी टीका करणाऱ्या आजीबाईंशी त्यांनी नाते तोडले नाही. आपली लाडकी मनोरमा त्यांनी त्यांच्याच छायेत ठेवली. मत कठोरपणे मांडावे आणि मन मृदू ठेवावे, हे किती अवघड, ते संसारी माणसास सांगावयास नको. या संयमाला एक फळ आले. त्या वादाची पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून ठेवली, संकलित केली, आणि १९७७ मध्ये ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. टीका करणाऱ्या हातांनीच साक्ष राखली!

आधार कोणता?

हे बळ आले कोठून? रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात एक मोकळी कबुली आहे. बाप्तिस्मा घेऊनही पुढील सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. १८९१ च्या सुमारास त्यांना ती अंतरीची शांती लाभली. आमच्या परिभाषेत सांगायचे तर परोक्ष ज्ञान होते, त्याला अपरोक्ष अनुभवाची जोड मिळाली. ज्ञानेश्वरीचे पारायण करणे वेगळे आणि ओवी जगणे वेगळे, हे वारकऱ्यास ठाऊकच आहे.

ख्रिस्ती शास्त्रात निंदा सोसण्याविषयी जी शिकवण आहे, तिचे चार पदर आम्हांस दिसतात. पहिला पदर न्यायाचा. पेत्राच्या पहिल्या पत्रात येशूचे उदाहरण आहे : त्याची निंदा झाली असता त्याने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्या ईश्वरावर आपला भार घातला. आपला अंतिम न्याय गावाच्या चावडीवर होत नाही, हा विश्वास दृढ झाला, की चावडीवरच्या बोलण्याची धार बोथट होते. दुसरा पदर आत्मपरीक्षणाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात, आपल्या डोळ्यातील मुसळ न पाहता दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधणाऱ्याचा दृष्टांत आहे. निंदा आली, की तिच्यातील सत्याचा कण आधी वेचून घ्यावा. तिसरा पदर प्रार्थनेचा. छळणाऱ्यांसाठीच प्रार्थना करावी, अशी तेथे आज्ञा आहे. ज्याच्यासाठी आपण रोज देवापुढे कल्याण मागतो, त्याचा द्वेष करणे फार दिवस जमत नाही. ही मानसशास्त्राची गोष्ट आहे, आणि ती ज्ञानदेवांच्या पसायदानाला परकी नाही. खळांचा खळपणा जावा, हे मागणे त्याच जातीचे आहे. चौथा पदर आशेचा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एक शिडी सांगितली आहे : संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील, आणि शीलातून आशा. म्हणजे निंदा हे केवळ टाळण्याचे संकट राहत नाही. शील घडविणारी ती एक भट्टी होते.

पुण्याचे वादळ

या चारही पदरांची कसोटी १८९३ मध्ये लागली. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविले. अमेरिकेतील मित्रांनी द्रव्य दिले होते. सदनात धर्माची सक्ती होणार नाही, असे वचन होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी थोर माणसे सल्लागार होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेस बसत, तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. कोवळ्या मुलींवर त्याचा परिणाम होतो, हे वचनास धरून नाही, असा आक्षेप निघाला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे आम्ही न्यायाने बोलले पाहिजे. पालकांची काळजी खोटी नव्हती. ज्या संस्थेत निराधार मुली अन्न, वस्त्र आणि विद्या यांसाठी अवलंबून आहेत, तेथे चालिकेच्या प्रेमाचाही मनावर भार पडतो. उघडे दार हेही एक प्रकारचे निमंत्रण असते. रानडे, भांडारकरांसारखे स्त्रीशिक्षणाचे कैवारी दूर झाले, ते केवळ आकसाने, असे कोणी म्हणू नये. तसेच दुसरी बाजूही पाहावी. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती तेथे राहिली, शिकली, स्वधर्मातच राहिली, आणि १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाली. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला. हिंदू समाजाने विधवांसाठी उभारलेल्या त्या मोठ्या कार्याचा एक धागा शारदा सदनात गुंतलेला आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

रमाबाईंपुढे दोन सोपे मार्ग होते. दार लावून प्रार्थना चोरून करावी, किंवा रुसून सदन बंद करावे. त्यांनी दोन्ही केले नाही. आपण काय मानतो ते त्यांनी लपविले नाही, आणि उरलेल्या मुलींचे शिक्षण थांबविले नाही. निंदकांना उत्तर म्हणून त्यांनी काम वाढविले.

स्वतःसाठी सहन, दुसऱ्यासाठी शब्द

सहनशीलता म्हणजे मुकेपणा, असा एक गैरसमज आपल्या घरांतून आढळतो. घरातील सून सगळे सोसते म्हणून तिची वाखाणणी होते, आणि तिच्यावरचा अन्याय तसाच राहतो. रमाबाईंचे चरित्र येथे डोळ्यांत अंजन घालते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. सरकारी प्लेग रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची आबाळ होते, असे दिसताच रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून सडेतोड तक्रार केली. विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत प्रकरण गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. तरी रमाबाई कचरल्या नाहीत.

स्वतःवरील निंदा त्यांनी देवाच्या हवाली केली. असहाय स्त्रियांवरील अन्याय मात्र त्यांनी माणसांच्या दरबारात मांडला. क्षमा आणि भीती यांतील अंतर ओळखण्याची ही खूण आहे. क्षमाशील माणूस स्वतःचा अपमान गिळतो. भित्रा माणूस दुसऱ्याचा अपमानही गिळून टाकतो.

केडगावचे माळरान

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे अन्नान्न करीत मरू लागली. उपासमारीने आईवडील गमावलेल्या या बाईला स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर त्यांची व्यवस्था झाली. हेच ‘मुक्ती मिशन’. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या सुमारे २,००० च्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, शाळा, अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण असा तेथील पसारा होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तेथे ‘कृपासदन’ उभारले. फुलहॅममध्ये ऐकलेल्या विहिरीवरच्या त्या स्त्रीच्या कथेला महाराष्ट्राच्या मातीत असे घर मिळाले.

शीलाचा विकास कसा ओळखावा? आमच्या मते माणसाने आपली सर्वांत मोठी मिरास कोणाच्या चरणी वाहिली, यावरून. रमाबाईंची मिरास म्हणजे त्यांचे संस्कृत. ज्या विद्येने त्यांना ‘सरस्वती’ केले, तिचा डौल त्यांनी उतरून ठेवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशा सोप्या मराठीत उतरविले. मुक्तीतील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. १९२१ मध्ये कर्तबगार मनोरमा आईच्या आधी गेली. तो घावही सोसून रमाबाईंनी हे काम पुरे करीत आणले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये ते बायबल छापून पूर्ण झाले. प्राकृताची कास धरणाऱ्या ज्ञानोबा-एकनाथांच्या परंपरेत वाढलेल्या आम्हां कीर्तनकारांना या शेवटच्या तपश्चर्येपुढे हात जोडावेसे वाटतात. पंडिताने सोपे बोलणे, हा अहंकाराचा सर्वांत अवघड त्याग होय.

आपण काय घ्यावे?

कोणी विचारील : बुवा, तुम्ही धर्मांतराची भलामण करता काय? मुळीच नाही. आमची निष्ठा विटेवरच्या सावळ्या मूर्तीच्या ठायी आहे, आणि तेथेच आमचा देह पडावा, हीच इच्छा आहे. रमाबाई आपले घर सोडून गेल्या, याची खंत आम्ही लपवीत नाही. मात्र त्या खंतीपोटी एक प्रश्न आपणच आपल्याला विचारावा. भागवत मुखोद्गत असलेल्या या लेकीला दुःखित स्त्रीविषयीच्या करुणेचे प्रत्यक्ष दर्शन सातासमुद्रापार घडावे लागले. ते तिला आपल्या देवळाच्या पायरीवर का घडले नाही? करुणा आपल्या ग्रंथांत भरपूर होती. ती आपल्या व्यवहारात उतरली नाही. हीसुद्धा एक टीका आहे, आणि ती आपल्यावर आहे. तिला आपण कसे सामोरे जातो, यावर आपलेही शील ठरेल.

म्हणून या नाताळात भाविकांच्या घरी एक लहानसा नेम धरावा. सासूने सुनेला, सुनेने सासूला, भावाने भावाला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला जे उणे बोलले असेल, ते सायंकाळी देवापुढे दिवा लावताना आठवावे. त्यातील खरे तेवढे वेचून घ्यावे. खोटे असेल ते देवाच्या पायांशी ठेवावे. मग बोलणाऱ्याचे नाव घेऊन त्याचे कल्याण मागावे. आणि आपल्या घरात कोणी दुबळा जीव मुकाट्याने सोसत असेल, तर त्याच्या वतीने एक शब्द बोलण्याचे धैर्यही त्याच देवाजवळ मागावे. हे मागणे येशूच्या गव्हाणीपुढे करा, की रखुमाईच्या वराच्या राउळात करा. ऐकणारा एकच आहे, अशी आमची श्रद्धा आहे.

ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या शुभेच्छा, आणि सर्व वाचकांना रामकृष्णहरी!